चुन्याच्या घाण्यावर फक्कीची रेघ

प्रति,
उद्यान विभागातले साहेब आणि मॅडम, सुशोभीकरणाचं काम बघणारे इंजिनिअर, कॉन्ट्रॅक्टरचे सुपरवायझर, आणि बागेत रोज सकाळी चालायला येणारी आपली सगळी मंडळी

नमस्कार.

पत्र असं उघड लिहितेय कारण रीतसर अर्ज द्यायला मी गेले होते. खिडकीवरचे गृहस्थ चांगले होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही, पण तेच म्हणाले की मॅडम अर्ज घेतो, शिक्का मारून देतो, पण फाइल वर जाऊन खाली येईपर्यंत तिकडे पेव्हर ब्लॉक बसलेले असतील. शिक्का मारलेली झेरॉक्स घरी आहे. आता तुम्हा सगळ्यांना एकदमच सांगते.

बागेच्या मागच्या कोपऱ्यात, जाळी टाकलेल्या जुन्या विहिरीच्या अलीकडे, तो जो मोठा गोल दगड आडवा पडलाय, मध्ये चौकोनी भोक असलेला, ज्याला मागच्या वर्षी रंगरंगोटीच्या वेळी पिवळा आणि निळा ऑइल पेंट मारला, तो बेंच नाहीये. टेबल पण नाहीये. ते चुन्याच्या घाण्याचं, म्हणजे बांधकामाचा चुना मळायच्या दगडी यंत्राचं, चाक आहे, आणि अख्खा घाणा अजून तिथेच जमिनीत आहे, आणि तुमच्या नव्या जॉगिंग ट्रॅकसाठी जी फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची, रेघ मारलीये ती बरोबर त्या घाण्याच्या मधून गेलीये.

मला हे कसं कळलं ते सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई कुठून आली. मी काही पुरातत्त्ववाली नाही. किल्ल्यांवर फिरते, एवढंच. त्या दिवशी भाच्याला घेऊन बागेत आले होते, त्याचा बॉल मेंदीच्या कुंपणात गेला, तो काही वाकेना म्हणून मीच गुडघ्यावर बसून हात घातला, तर हाताला बॉलच्या आधी दगड लागला. साधा धोंडा नाही, घडीव. वरची कड सरळ, आतली बाजू गुळगुळीत, आणि दगड किंचित वाकडा, म्हणजे कमानीसारखा नाही, आडवा वाकडा, मोठ्या गोलाचा तुकडा असावा तसा. कुंपणात डोकं घालून अजून पुढे बघितलं तर त्याला लागून दुसरा, आणि मग तिसरा, सगळे एकाच वळणावर. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली कारण हे वळण मी आधी बघितलेलं आहे, तिकोना किल्ल्यावर. तिकोना चढलेल्यांना आठवेल, वर जाताना वाटेवर चुन्याचा घाणा लागतो, दगडाचा गोल चर आणि त्याचं चाक, सगळे तिथे थांबून फोटो काढतात. मी पण काढलाय. बॉल तसाच राहिला, मी उठून त्या पिवळ्या-निळ्या दगडाकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. दहा वर्षं मी त्यावर बसून बुटाची लेस बांधतेय, साहेब.

रंग जिथे खरवडलाय तिथे काळा दगड दिसतो आणि त्यावर टाकीचे घाव, तिरके, एकाच दिशेने, एका मापाचे, पाथरवटाचा हात किती बसलेला होता ते तेवढ्यावरून कळतं. भोकाच्या आतल्या बाजूला मात्र घाव नाहीत, तिथे दगड घासून घासून काचेसारखा झालाय, बोट फिरवून बघा. तिथून लाकडाचा दांडा जायचा. आणि चाकाची एक कड जास्त गोलावलीये, दुसरी कमी. त्यावर नंतर येते.

दुसऱ्या दिवशी मेजर टेप घेऊन गेले. चाक ३ फूट १० इंच व्यासाचं, जाडी १३ इंच, भोक ९ इंच चौरस. काळ्या दगडाचा एक घनफूट साधारण ८० किलोच्या आसपास भरतो, त्या हिशोबाने हे चाक साडेनऊशे किलो ते हजार, म्हणजे टनभर. हे मुद्दाम लिहितेय कारण सुपरवायझर म्हणाले होते की चार पोरं लावून गेटवर नेऊन ठेवतो. चार पोरांनी हलणार नाही ते, कुणाचा तरी पाय जाईल.

मी मोजत होते तेव्हा बागेतले माळीकाका पाइप ओढत आले. म्हटलं काका, हे काय आहे माहितीये का. तर ते सहज म्हणाले, "घाणा हाय की ताई तो. ह्याचा चर सगळा खाली हाय, मी झाडं लावताना दर वेळी कुदळ आपटते." मी हसले, म्हणजे मी किल्ले पालथे घालून जे ओळखलं ते या माणसाला केव्हापासून माहीत आहे आणि त्याला आजवर कुणी विचारलेलंच नाही. मग त्यांनी लोखंडी सळई आणली आणि आम्ही दोघांनी कुंपणापासून सुरुवात करून दर दोन-अडीच फुटांवर सळई खुपसत गोल फेरी मारली. वीतभर माती गेली की खण्ण. पुढे सरकायचं, खण्ण. जिथे आवाज आला तिथे काका एक काडी रोवत होते. अर्ध्या तासात लॉनवर काड्यांचा पूर्ण गोल उभा राहिला, जरा वाकडातिकडा पण गोल, चराच्या मध्यापासून समोरच्या मध्यापर्यंत १६ फूट. फक्त एका ठिकाणी, साधारण साडेसात फूट, सळई नुसतीच आत गेली, आवाज नाही. तिथले दगड कुठे गेले असं मी विचारायच्या आत काकांनी नळाकडे बोट दाखवलं. नळाखाली पाय ठेवायला जे तीन दगड मांडलेत ना, शेवाळलेले, ते. जाऊन मोजले. प्रत्येक अडीच फूट. तीन अडीच साडेसात.

मला तिथल्या तिथे काय वाटलं ते लिहिण्यात अर्थ नाही, पण काका पण दोन मिनिटं काही बोलले नाहीत.

आता ज्यांना घाणा म्हटलं की तेलाचा घाणाच आठवतो त्यांच्यासाठी सांगते, कारण चालणाऱ्या ग्रुपमधले एक काका माझ्याशी जवळजवळ भांडलेच की हा तेलाचा आहे म्हणून. तेलाच्या घाण्यात उखळ असतं आणि त्यात लाट, म्हणजे मुसळासारखं जाड लाकूड, फिरते. इथे उखळ नाही. इथे गोल चर आहे आणि त्या चरात चाक उभं राहून गाडीच्या चाकासारखं फिरायचं. मधोमध एक खुंट, खुंटाला आडवा दांडा, दांडा चाकाच्या भोकातून आरपार बाहेर आणि बाहेरच्या टोकाला बैल. बैल चराच्या बाहेरून गोल चालणार, चाक चरात फिरणार, चाकाखाली चुना. दुसरे एक जण म्हणाले भीमाचं जातं आहे. असू दे, किल्ल्यांवर पण लोक मोठा गोल दगड दिसला की भीमाच्या नावावर टाकतात, भीमाला दळण बरंच पडायचं म्हणायचं.

मी एक खात्री पण करून घेतली. चराच्या एका सांध्यात पांढरट खपली होती, त्यातला मातीत पडलेला हरभऱ्याएवढा तुकडा घरी आणला (परत नेऊन ठेवलाय, घाबरू नका), त्यातला कण बशीत ठेवून व्हिनेगरचा थेंब टाकला. फसफसलं. भाचा खूश. आणि भिंगातून बघितलं तर पांढऱ्यात लाल ठिपके, विटेचे. म्हणजे चुन्यात सुरखी घातलेली होती, विटांचा कुटलेला भुगा. पीठ नाही, तेल नाही, इथे बांधकामाचा माल मळला जात होता.

आणि तो माल म्हणजे काय प्रकरण होतं ते आपल्याला आता सिमेंटच्या गोणीमुळे समजतच नाही. चुनखडी भट्टीत भाजायची, नऊशे अंशांच्या आसपास, तेव्हा तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी टाकलं की तो उकळतो, अक्षरशः, वाफा येतात, फुटतो, फुलतो. मग तो भिजत ठेवायचा. मग त्यात वाळू किंवा सुरखी घालून घाण्यात मळायचा, तासन्‌तास. कामाप्रमाणे त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा असं काय काय पडायचं. नुसतं कालवून का चालत नव्हतं, तर चुन्यात न विरलेल्या गाठी राहतात आणि त्या तशाच भिंतीत गेल्या की नंतर ओल लागून फुलतात आणि गिलावा आतून फोडतात. म्हणून टनभराचं चाक. आणि भिंतीत गेल्यावर हाच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. दगडाचा चुना आणि चुन्याचा परत दगड. विजापूरच्या गोल घुमटाचा ४४ मीटर व्यासाचा घुमट विटा आणि चुन्याच्या जोरावर १६५६ पासून उभा आहे. मुल्लपेरियार धरण, १८९५ चं, चुना आणि सुरखीत बांधलेलं. सिमेंटचं पेटंट इंग्लंडात १८२४ सालीच निघालं होतं पण आपल्याकडे पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडायला लागलं १९१४ ला, तोवर आणि त्यानंतरही बरीच वर्षं गवंड्याच्या थापीवर येणारा माल असाच कुठल्यातरी घाण्यातून यायचा.

आता ती चाकाची कड. हे मला स्वतःला फार आवडलं म्हणून जरा सविस्तर सांगते, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद वाचा. चाक १३ इंच जाड आहे. ते सरळ रस्त्यावर चाललं तर दोन्ही कडा सारखंच अंतर कापतात. पण गोल चरात फिरताना आतल्या कडेला छोटा गोल मिळतो आणि बाहेरच्या कडेला मोठा, एका फेरीत दोन्हींत जवळपास पावणेसात फुटांचा फरक पडतो. चाक तर एकच अखंड दगड, मग आतली कड घसरणार नाहीतर बाहेरची फरफटणार, दुसरा मार्गच नाही. आणि ही जी फरफट आहे ना, तिनेच चुना रगडला जातो! नुसतं वजन टाकून गाठी फक्त चेपल्या असत्या. म्हणजे ज्याने कुणी ही युक्ती बसवली त्याने चाकाचा दोष कामाला लावला. आपल्या चाकाची एक कड जास्त झिजलीये त्याचं कारण हेच, आणि तीच कड मागच्या वर्षी पिवळ्या रंगाखाली गेली.

आणि बैल. बैलाची वाट चराच्याही बाहेरून, ती मी २५ फूट व्यासाची धरली तर एक फेरी ७८ फुटांची होते, शंभर फेऱ्या म्हणजे सव्वादोन किलोमीटरच्या वर. आपल्या चालणाऱ्या मंडळींना सांगते, या बागेतला पहिला वॉकिंग ट्रॅक तोच आहे.

असो. मुद्द्यावर येते.

मी ऐकलंय की चाक उचलून मेन गेटवर न्यायचं, सिमेंटचा चौथरा करून त्यावर उभं करायचं, मागून लाइट सोडायचा आणि बागेचं नाव लिहायचं. सेल्फी पॉइंट. सुपरवायझर हे मला कौतुकाने सांगत होते, त्यांना खरंच वाटतंय की आपण त्या दगडाचं भलं करतोय, आणि कोपऱ्यात पडून राहण्यापेक्षा बरं की नाही मॅडम, असं त्यांनी विचारलं. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता देते.

घाणा हा जिथे बांधकाम चालू असायचं तिथेच बसवायचे. मळलेला चुना लांबून आणण्यात अर्थ नव्हता आणि टनाचं चाक उगाच कोण हलवतंय, म्हणून काम संपलं की घाणा तिथेच सोडून लोक जायचे. त्यामुळे जिथे घाणा सापडतो तिथे आसपास काहीतरी मोठं बांधलं गेलेलं असतं. आपल्या घाण्यापासून चाळीस पावलांवर ती विहीर आहे, दगडी, उतरायला पायऱ्या असलेली, आणि जाळीतून टॉर्च मारून बघितलं तर सांध्यांतून पांढरा चुना दिसतो. विहिरीतला चुना आणि चरातला चुना एकच आहे का हे कुणीही जाणकार माणूस दोन छोटे नमुने घेऊन तपासू शकतो. एक निघाला तर विहीर आणि घाणा एकाच कामातले, आणि मग मागच्या पडक्या भिंतीचं पण कोडं सुटेल, जिला आपण कंपाउंड म्हणतो आणि जिच्यावर ट्रॅकच्या कामात जेसीबी जाणार आहे. पण हे सगळं कधी, तर चाक चराशेजारी आणि चर जागेवर असेल तर. चाक गेटवर गेलं की तो एक गोल दगड झाला. चरावर पेव्हर बसले की तो कुणाच्याच आठवणीत राहणार नाही, माळीकाका पुढच्या वर्षी रिटायर होतायत.

म्हणून माझं मागणं फार नाहीये. ट्रॅकची रेघ अख्खा घाणा सुटेल इतकी डावीकडे घ्या. तिथे नुसतं लॉन आहे, एकही झाड जात नाही, मी आणि काकांनी बघितलंय. ट्रॅकला तिथे थोडा बाक येईल, येऊ दे, पळणाऱ्याला काय फरक पडतोय. फक्की परत मारायला एक सकाळ लागेल. (चुन्याच्या घाण्यावर चुन्याचीच रेघ मारून तो गाडायचा, यातली गंमत तुमच्याही लक्षात आली असेल.)

मेंदी काढायची तर हाताने काढा, मुळं चराच्या सांध्यात गेलीयेत, मशीनने उपटलं तर दगड सोबत येतील. चरातली माती खुरप्याने काढा, आणि काढताना कुणीतरी जाणकार शेजारी उभा ठेवा. पुरातत्त्व खात्याच्या राज्य संचालनालयाला एक पत्र टाका, शहराची हेरिटेज समिती असेल तर तिला. मला माहितीये घाणा कुठल्या यादीत नाहीये. यादीत नसलेली गोष्ट तोडली तर कुणी विचारत नाही, हे पण माहितीये. म्हणून तर तुम्हाला विनंती करतेय, नाहीतर कायद्याचं कलम टाकून मोकळी झाले असते.

पाण्याने धुवा, ब्रशने घासा, पण ॲसिड घालू नका हो. फरशी साफ करायचं ते ॲसिड आपल्याकडे सगळ्यावर चालतं, टाइल्स असो की मूर्ती. चुन्याला ॲसिड लागलं की तो फसफसून जातो, मी बशीत बघितलं तसाच, म्हणजे सगळा पुरावाच उडून जाईल. ऑइल पेंट काढायचा तर वायर ब्रश आणि ग्राइंडर पण नको, टाकीचे घाव जातील. पेंट रिमूव्हर लावून मऊ पडल्यावर नायलॉनच्या ब्रशने निघतो, वेळ लागतो, आम्ही चार जण रविवारी येऊन करायला तयार आहोत, मजुरीचं एस्टिमेट काढू नका. पुढच्या रंगरंगोटीच्या टेंडरमध्ये फक्त एक ओळ टाका की दगडाला रंग नाही. बागेतल्या झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावता ते ठीक, पण हातात ब्रश आणि डब्यात रंग उरलाय म्हणून जे दिसेल ते रंगवायचं हे जरा थांबवू या.

आणि दगड बसवताना सिमेंट नको. जुन्या चुन्याच्या कामावर सिमेंटचं पॉइंटिंग केलं की ओल आतच अडकते आणि सिमेंट टिकतं पण शेजारचा दगड-चुना भुसभुशीत होतो, किती देवळांची आणि तटबंद्यांची आपण अशी वाट लावलीये. नळाखालचे तीन दगड त्यांच्या जागी परत बसवायचे तर चुन्यातच बसवावे लागतील. चुन्याचं काम येणारे गवंडी अजून आहेत, कमी आहेत पण आहेत, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर भेटतात. आणि खरं सांगू का, एक दिवस एवढ्यापुरता चुना आपल्याच मुलांसमोर मळून दाखवला तर शंभर सेल्फी पॉइंट झक मारतील.

बोर्ड लावा, पण त्यावर ‘शिवकालीन जाते’ असं लिहू नका. ते जातं नाही, आणि शिवकालीन म्हणायला अजून काहीही हातात नाही. आपल्याकडे जुना दगड दिसला की तो शिवकालीन किंवा पांडवकालीन, मधली सगळी शतकं कुणी राहतच नव्हतं जणू. साधं लिहा, चुन्याचा घाणा, बैल बाहेरून फिरायचा, चाक चरात फिरायचं, त्यात बांधकामाचा चुना मळायचे. खाली एक रेखाचित्र, बैलासकट. फ्लेक्स नको, उन्हाने दोन पावसाळ्यांत पांढरा पडतो. तारीख नंतर कळली तर नंतर टाका.

लोखंडी पिंजरा मात्र करू नका. माझ्या काही ट्रेकवाल्या मित्रांना हे पटत नाही, ते म्हणतात जाळी हवीच. मला नाही वाटत. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघा, लांब डोंगरातलं पाणी नळांतून आणून त्याच्या जोरावर दगड फिरवायची ती सोय, लोक तिथे तिकीट काढून जातात, हौदाच्या कडेला बसतात. आपला घाणा तेवढा मोठा मामला नाहीये आणि त्याची पाणचक्की करायची पण नाहीये. चाकावर पोरं चढली तर चढू द्या, टनभर दगडाला सात वर्षांच्या पोराचं काय. आज्या-आजोबा टेकले तर टेकू द्या. फक्त खिळ्याने नावं कोरू नका एवढं चालणाऱ्या मंडळींनी लक्ष ठेवलं तरी पुष्कळ, तुम्ही तसेही सकाळी साडेपाचपासून तिथे असता आणि कोण कुणाबरोबर येतं यावर तुमचं लक्ष असतंच, त्यात हे एक वाढवा.

आणि माळीकाकांना त्या कामावर ठेवा. बदली माणूस देऊ नका. चर कुठे आहे, कुठे खोल आहे, विहिरीकडच्या बाजूला अजून एक घडीव दगड कुठल्या झाडाखाली आहे, हे त्यांना पाठ आहे. मी विचारलं की हे तुम्ही कुणाला सांगितलं का नाही, तर म्हणाले एकदा सांगितलं होतं, साहेब म्हणाले बरं बरं, मग पुढच्या आठवड्यात रंगवायला माणसं आली.

येत्या शनिवारी सकाळी सात वाजता मी तिथे असेन, काका पण असतील, काड्या अजून रोवलेल्या आहेत (एक-दोन कुत्र्यांनी पाडल्या त्या परत लावल्या). इंजिनिअर साहेब, तुम्ही फक्त पंधरा मिनिटं या. सळई काकांकडे आहे. स्वतः खुपसून आवाज ऐका आणि मग ट्रॅकची रेघ कुठून न्यायची ते तुम्हीच ठरवा.

आपली,
बागेत रोज येणारी एक

ता.क. हे लिहून झाल्यावर काल संध्याकाळी परत चक्कर मारली. नळाखाली आता दोनच दगड आहेत. तिसऱ्याच्या जागी चिखलात त्याचा ठसा आहे, अडीच फुटांचा, आणि तिथून गेटपर्यंत हातगाडीच्या चाकाची ओळ. सुपरवायझर, कृपा करून बघा तो कुठल्या डेब्रिजच्या ढिगात गेलाय का. एका बाजूने गुळगुळीत आहे, लगेच ओळखू येईल.